गारगोटीच्या रस्त्याला किती गिअर लागतात?

मुदाळ तिट्ट्यावरून गारगोटीकडे वळलं की माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये येते आणि बराच वेळ तिथेच रेंगाळते. चौथा गिअर तिला आहे. पण तो पडतो न पडतो तोच समोर काहीतरी येतं आणि तो सुटतो. बिदरीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मग विचारूच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांवर दणदणीत गाणी, आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असला तर आपलं नशीब. कोल्हापूर ते गारगोटी हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. अशा दिवसांत त्याला दोन तास लागले तरी घरात कोणी चौकशी करत नाही.

गाडी 2010 ची. छोटी, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सेकंडहँड घेतली. गेल्या पावसाळ्यात ती झटके मारायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र जागची सरकायची नाही. आणि क्षणभराने मागून कुणीतरी ढुशी दिल्यासारखी ती पुढे यायची. कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, लगेच मिटलं आणि म्हणाले, "सर, जुन्यावर कशाला पैसे घालता? अपग्रेडच करून टाका." त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा सहा गिअरचा गिअरबॉक्स मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवायचा, त्याचा कॉम्प्युटर बसवायचा, वायरिंग जुळवायचं. खर्च एक लाख तीस हजार. गाडी आज विकायला काढली तर दीड लाखाला जाईल, तीही गिऱ्हाईक भलं असलं तर.

मी तीन महिने या 'अपग्रेड'वर विचार केला. एवढा विचार घर बांधतानाही केला नव्हता, असं आमच्या घरातलं मत आहे. पण मला वाटतं हा प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही. ऑटोमॅटिक गाड्या आता तालुक्याच्या गावांत आल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच सेकंडहँड आहेत, आणि त्या एकेक करून माझ्या गाडीच्या वयाला येणार आहेत. तेव्हा हा हिशेब एकदा उघड्यावर मांडलेला बरा.

आधी त्या शब्दाचं बघू. 'अपग्रेड' हा शब्द आपल्याकडे मोबाइलने रुजवला. मोबाइलमध्ये नवं ते चांगलं हे बऱ्यापैकी खरं असतं, कारण जुना फोन आणि नवा फोन एकाच हवेत, एकाच टॉवरखाली चालतात. गिअरबॉक्सचं तसं नाही. तो एका बाजूने इंजिनाला बांधलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने रस्त्याला. रस्ता न बघता गिअरबॉक्स चांगला की वाईट ठरवणं म्हणजे पाय न बघता चप्पल निवडणं. कोल्हापूर जिल्ह्यात राहून एवढं तरी कळायला हवं.

गिअरची संख्या वाढणं म्हणजे प्रगती, हीसुद्धा एक समजूतच. अमेरिकेत जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' हा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1939 मध्ये जाहीर केला आणि 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत दिला. त्याला पुढे जायचे किती गिअर होते? चार. माझ्या गाडीइतकेच. पुढे 1950 मध्ये त्याच कंपनीच्या शेव्हर्ले गाड्यांत 'पॉवरग्लाइड' आला, त्याला दोनच गिअर, आणि तो 1973 पर्यंत विकला गेला. दोन गिअरवर लोकांचं भागलं, कारण मधली कसर टॉर्क कन्व्हर्टर भरून काढत होता आणि पेट्रोल स्वस्त होतं. मग तीन झाले, चार झाले. 2001 मध्ये जर्मनीच्या झेडएफने सहा दिले, 2009 मध्ये आठ. हे आकडे वाढण्यामागचं मोठं कारण पेट्रोलची किंमत आणि धुराचे नियम. इंजिन ज्या फेऱ्यांना कमीत कमी पितं, तिथेच ते जास्तीत जास्त वेळ ठेवायचं, यासाठी जास्त पायऱ्या. ज्याच्या रस्त्यावर गाडी ऐंशी-शंभरच्या वेगाने तासन्‌तास धावते, त्याला या पायऱ्यांचा फायदा मिळतो. माझा वेग पुढची ट्रॉली ठरवते.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती आहे. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल कल्पा, दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, आणि मध्ये एक तिसरं, छोटं पातं ठेवा जे परत येणारं तेल वळवून पुन्हा पहिल्या पंख्याच्या मदतीला लावतं. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये जहाजांसाठी या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाला लोखंड लागत नाही, मध्ये फक्त तेल असतं. म्हणून गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी बंद पडत नाही, आणि सुटताना तिचा जोर जवळपास दुप्पट होतो. पण पहिला पंखा जोरात आणि दुसरा हळू फिरत असतो तेव्हा मधल्या फरकाची शक्ती कुठे जाते? तेल तापवण्यात. उसाच्या ट्रॉलीमागे ताशी दहाच्या वेगाने सरपटणारी ऑटोमॅटिक गाडी ही तेल उकळण्याची चूलच असते. ऐंशी-नव्वद अंशांवर हे तेल वर्षानुवर्षं सुखाने राहतं. एकशेवीसच्या वर जायला लागलं की ते काळं पडतं, करपल्याचा वास येतो, रबराचे सील कडक होतात, आणि मग गिअर घसरायला लागतात. फोंडा घाटात मागे-पुढे गाड्या अडकल्या की तेच.

तेव्हा माझ्या गिअरबॉक्सचा शत्रू गिअरची कमतरता नव्हता. शत्रू उष्णता होता, आणि दहा वर्षांत एकदाही न बदललेलं तेल. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ह्याचं ऑइल बदलायला लागत नाही, कंपनीनंच आयुष्यभराचं घातलंय." कुणाच्या आयुष्यभराचं, हे विचारायचं राहून गेलं.

आता ज्या देशातून ही अपग्रेडची कल्पना येते, तिथे ती वेडेपणाची नाही, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या बाळगणारे लोक त्यांचा तीन गिअरचा बॉक्स काढून चार गिअरचा बसवतात. जनरल मोटर्सचा 1982 पासूनचा '700-आर4' हा त्यांचा लाडका. त्याचा चौथा गिअर 0.70 चा, म्हणजे तिसऱ्यात 3,000 फेरे मारणारं इंजिन चौथ्यात त्याच वेगाला 2,100 फेरे मारतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, इंजिनाची झीज कमी. आणि हे जमतं कशाने? एक तर त्यांचे हायवे सरळसोट, दिवसभर एकाच वेगाने जाता येण्यासारखे. दुसरं म्हणजे तो जुना बॉक्स तेलाच्या दाबावर आणि एका केबलवर चालणारा. त्याला इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलावं लागत नाही. बोल्टांची भोकंही एकाच कंपनीच्या कित्येक इंजिनांना जुळतात. आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते: हे काम करणारे फिटर तिथे गावोगाव आहेत आणि सुटे भाग घरपोच येतात. यांतली एकही गोष्ट गारगोटीत नाही. आपण फक्त त्यांचा शब्द उचलतो. त्या शब्दाखालचा रस्ता, फिटर आणि बोल्ट तिकडेच राहतात.

माझा पेट्रोलचा हिशेब सांगतो. गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालते. लिटरला अकरा देते. नवा बॉक्स बसवून ती तेरा देईल असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. मी ते खरं धरलं, जरी ट्रॉलीमागे कुठलाही बॉक्स तेरा देईल असं मला वाटत नाही. तर वर्षाला 545 लिटरऐवजी 462 लिटर. वाचले 83 लिटर. लिटरला 105 रुपये धरा, म्हणजे वर्षाला पावणेनऊ हजारांच्या आसपास. एक लाख तीस हजार वसूल व्हायला पंधरा वर्षं. आणि गाडीला मिळणार आहेत पाच: खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. 2022 च्या एप्रिलपासून या मुदतवाढीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर वेगळा. पाच वर्षांत परत येणार पंचेचाळीस हजारांच्याही आत. सहावीतल्या मुलानेही हे गणित तिथेच सोडलं असतं.

पण पैशाच्या हिशेबावर मी थांबणार नाही, कारण हौस पैशाच्या हिशेबावर चालत नाही आणि चालूही नये. कोल्हापुरात दसऱ्याला राजघराण्याची 1930 च्या दशकातली मेबॅक गाडी बाहेर निघते. दसरा चौकात ती येते तेव्हा लोक सोन्याची पानं विसरून तिच्याकडे बघतात. तिच्यावर होणाऱ्या खर्चाचा किलोमीटरमागे हिशेब कुणी करत नाही. कुणी तिला नवा गिअरबॉक्स बसवायचं म्हणालं तर आख्खं शहर त्याच्या अंगावर जाईल. ती ठेवा आहे, आणि ठेव्यात सुधारणा करायची नसते. उलट मालाची पिकअप जीप असती, तर मी निव्वळ धंद्याचा हिशेब केला असता. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिनं बसवणाऱ्यांनी तोच केला, आणि तो चुकला नाही. माझी गाडी यांतली कुठलीच नाही. तिच्यावर कुणाचा जीव जडावा असं तिच्यात काही नाही, आणि ती पोटही भरत नाही. ती फक्त आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात, आजऱ्याला नात्यातल्या लग्नाला आणि पाटगावला मौनी महाराजांच्या मठात नेते. अशा गाडीपाशी एकच गुण मागायचा असतो: ती बंद पडली तर जवळ कुणीतरी ती चालू करणारं हवं.

इथे खरी मेख आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगराबद्दल आपण अभिमानाने सांगतो की तिथे काहीही बनवून मिळतं. म्हादबा मेस्त्री या कारागिराच्या काळापासूनची ती ख्याती आहे आणि ती खोटी नाही. तेलाच्या इंजिनांपासून सुरुवात करून कोल्हापूरने गावोगावच्या विहिरींवर पंप बसवले. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग निघतात. घासलेला शाफ्ट द्या, लेथवर भरून, घासून परत देतील. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात 'व्हॉल्व्ह बॉडी' नावाची एक चपटी पेटी असते. आत मुंगीच्या वाटांसारख्या तेलाच्या नाल्या, त्यांत सरकणारे बोटाएवढे व्हॉल्व्ह, आणि त्यांना उघडझाप करायला लावणारे विजेचे सोलेनॉइड. व्हॉल्व्ह आणि त्याचं घर यांच्यातली फट केसापेक्षा कितीतरी बारीक. तिथे घासलेल्या क्लचचा गाळ बसला की व्हॉल्व्ह अडतो आणि गिअर उशिरा पडतो. हे लेथचं काम नाही. इथे लागतं ते साफ टेबल, त्या बॉक्सचं मॅन्युअल, दाब मोजायचं गेज, स्कॅनर, आणि असे दहा बॉक्स आधी उघडलेला माणूस.

गारगोटीतला आमचा मिस्त्री हुशार आहे. नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखतो. त्याने गाडीखाली शिरून बघितलं आणि अंगठ्याने तेलाचा थेंब चोळत म्हणाला, "सर, खोल म्हणला तर खोलीन. पर ह्यात बारके बॉल न् ढीगभर स्प्रिंगा असत्यात. एक जरी इकडचा तिकडं झाला तर गाडी हलायची न्हाई. त्यापेक्षा मॅन्युअल करून टाकू. झंझट मिटंल."

त्याच्या बोलण्यातला प्रामाणिकपणा मला गॅरेजवाल्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोलाचा वाटला. आणि त्याचा सल्ला अडाणीपणाचा नव्हता. त्याच गाडीचं साधं, क्लचवालं मॉडेल हजारोंनी विकलं गेलं. त्याचा गिअरबॉक्स, पेडल, केबल भंगारात सहज मिळतात. मॅन्युअल गाडीची बॅटरी उतरली तर चार पोरं धक्का मारून ती चालू करतात; ऑटोमॅटिकला धक्का मारून काही होत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांच्यात तेलाचा नुसता डबा असतो आणि त्या तेलाला दाब देणारा पंप इंजिन फिरल्याशिवाय चालत नाही. याच कारणाने ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत न्यायची नसते. आतले भाग कोरडे फिरतात आणि बिघाड दुरुस्तीपलीकडे जातो. खेड्यातल्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी आपण कशी आणतो? दोर बांधूनच.

तरी मी मॅन्युअलला नाही म्हणालो. माझा गुडघा हे एक कारण. दुसरं कारण घरात आहे. आमच्या हिने वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली, ती याच गाडीवर. त्याआधी दोनदा ड्रायव्हिंग स्कूल लावून झालं होतं. क्लच आणि चढ यांच्या कचाट्यात धीर सुटला आणि दोन्ही वेळा सोडून दिलं. ऑटोमॅटिकवर आठ दिवसांत ती बाजारात जाऊन आली. मिस्त्रीच्या सल्ल्याने गाडी वाचली असती, पण चालवणारी घरी बसली असती.

आणि ऑटोमॅटिकने बाईच्या हाती चाक देणं महाराष्ट्राला नवं नाही. आपण चारचाकीत ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंती चोचला समजत होतो तेव्हा दुचाकीत ती क्रांती होऊन गेली होती. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना 1972 ची. तिला गिअर बदलायचे नव्हतेच. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली: बटणावर चालू होणारी, बिनगिअरची, दोन कप्प्यांमध्ये सरकणाऱ्या रबरी पट्ट्यावर वेग जुळवणारी. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये चारचाकीत आणलेलं तत्त्वही हेच होतं, पण आपल्याकडे ते शिक्षिका, नर्सबाई आणि बँकेतल्या क्लार्क यांच्या स्कूटरमधून आलं. या सगळ्यांना किक मारणं आणि मुठीतले गिअर पिळणं नको होतं. आज ॲक्टिव्हा बंद पडली तर गारगोटीत कुठल्याही टपरीवर पट्टा आणि रोलर तासाभरात बदलून मिळतात. तेही ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच आहे, पण त्याला कुणी हात लावायला घाबरत नाही.

म्हणून "ऑटोमॅटिक म्हणजे गुंतागुंत, गुंतागुंत म्हणजे शहरातलं काम" हा युक्तिवाद मी मानत नाही. स्कूटरचा व्हेरिएटर (तो पट्टा आणि त्या कप्प्या) गुंतागुंतीचाच आहे. फरक एवढाच की तो लाखोंनी विकला गेला, त्याचा पट्टा किराणा दुकानाशेजारी मिळतो, आणि त्या पट्ट्यावर एका पिढीच्या पोरांनी हात काळे केले. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली तेव्हाही हेच झालं. त्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचा हात-पाय लावलेला. पहिल्या-दुसऱ्यात डोकं डोलवते म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली, पण खेड्यातल्या मिस्त्रीला ती ओळखीची वाटली, कारण आतला सांगाडा त्याचा होता. ज्यांना आज नवी ऑटोमॅटिक घ्यायची आहे आणि तालुक्याच्या गावात राहायचं आहे, त्यांनी शोरूममधल्या मुलाला गिअर किती हे विचारण्याआधी हे विचारावं की सात वर्षांनी हा बॉक्स उघडणारा माणूस माझ्यापासून किती किलोमीटरवर असेल. ड्युअल क्लच, सात गिअर, पॅडल शिफ्ट हे ऐकायला छान वाटतं. पण फोर्डने 2021 मध्ये भारतातली कारखानदारी बंद केली. शोरूममध्ये हे सगळं सांगणारी मुलं दुसऱ्या नोकरीला लागली. गाड्या मात्र लोकांच्या दारात उभ्या राहिल्या.

याच कसोटीवर माझं अपग्रेड पुरतं नापास होत होतं. आजचा चार गिअरचा बॉक्स उघडणारी माणसं निदान कोल्हापुरात, पुण्यात आहेत. कुर्ल्याहून आलेला सहा गिअरचा बॉक्स माझ्या इंजिनाला, माझ्या वायरिंगला, दुसऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला की जगात तशी एकच गाडी होणार होती. तिचं मॅन्युअल कुठल्याच कंपनीकडे नसतं. ती बिघडली तर ज्याने जोडली त्याच्याच दारात जावं लागणार, आणि तो तोवर हॉटेल टाकून बसलेला असला तर संपलं. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असे बदल मालकाने करायचे नाहीत. सुप्रीम कोर्टाने 2019 च्या जानेवारीत तेच ठणकावून सांगितलं. गिअरबॉक्स त्यात कुठे बसतो यावर वकील वाद घालतील. अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसाशी तो वाद घालायची माझी तयारी नाही.

एक आक्षेप राहतो, आणि तो जोरदार आहे. पुण्याहून पुतण्या म्हणाला, "काका, गिअरबॉक्सच जाणार आहे. इलेक्ट्रिक गाडीला गिअर नसतात. यात एक रुपया घालू नका, विकून टाका." खरंच आहे. रांजणगावला तयार झालेली नेक्सॉन ईव्ही 2020 च्या जानेवारीत बाजारात आली, तिला एकच गिअर. एसटीची ई-शिवाई 2022 च्या जूनपासून पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, ज्या मार्गावर 1948 मध्ये एसटीची पहिली गाडी धावली होती. ज्याच्या पाठीमागे ऐंशी वर्षांची कारागिरी आहे ते यंत्र डोळ्यांदेखत निवृत्त होतंय. पण यातून निघतो तो निष्कर्ष माझ्याच बाजूचा. जाणाऱ्या यंत्रात लाखभर घालू नये हे बरोबर. आणि त्याच न्यायाने, जाणारं यंत्र थोडक्या खर्चात पाच वर्षं चालत असेल तर ते घाईने भंगारातही घालू नये. नवी गाडी घ्यायची तर दहा लाख लागतात. पेन्शनीत दहा लाखांची घाई कशाला?

शेवटी झालं ते असं. कोल्हापुरातच, ओळखीने ओळख काढत, एक माणूस सापडला जो फक्त ऑटोमॅटिक बॉक्स करतो. त्याने आधी काहीच उघडलं नाही. स्कॅनर लावला, दाब मोजला, इंजिनाचं माउंटिंग हलवून बघितलं, आणि म्हणाला की क्लच प्लेटा अजून आहेत, एक सोलेनॉइड अडकतोय आणि तेलाचं डांबर झालंय. व्हॉल्व्ह बॉडी काढून धुतली, सोलेनॉइड बदलला. तेल एकदम सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं; म्हणून हजार-हजार किलोमीटरने तीनदा बदललं. रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर बसवला. ट्रॉलीमागच्या गाडीला मी याहून मोठं अपग्रेड कुठलंच मानत नाही. एकूण चोवीस हजार. जुनं तेल बदललं की गिअर घसरतात ही गॅरेजात ऐकू येणारी भीती मलाही होती. तो म्हणाला, प्लेटा आधीच संपलेल्या असतात, तेलाचं नुसतं नाव होतं. घाटात आता 'डी' सोडून 'टू'वर चालवतो, म्हणजे बॉक्स दर वळणाला गिअर शोधत बसत नाही.

हेही सांगायला हवं की त्याने प्लेटा जळाल्यात असं सांगितलं असतं, तर मी गाडी विकली असती. साठ-सत्तर हजारांचं रिबिल्ड पाच वर्षं उरलेल्या गाडीत घालण्याइतका मी भावुक नाही. आणि 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या बॉक्सच्या बाबतीत तर उघडायचाही विचार करू नये; क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, पाणी शिरलं की त्याचा डिंक सुटतो.

आता एक विनंती आहे. डॉ. जे. पी. नाईक यांनी, जे पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, मौनी विद्यापीठ पुण्या-मुंबईत न उभारता गारगोटीत उभारलं. त्याच आवारात 'इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंग' आहे. ग्रामीण अभियांत्रिकी म्हणजे एके काळी बांध, विहीर, पंप आणि शेणगॅस. आज आमच्या भुदरगड तालुक्यातल्या दारांपुढे उभ्या असलेल्या ऑटोमॅटिक गाड्या हीसुद्धा ग्रामीण अभियांत्रिकीच आहे, आणि आमच्या मिस्त्रीसारखी हुशार पोरं त्यांना हात लावायला कचरतात, ती फक्त कुणी त्यांच्यासमोर गिअरबॉक्स एकदा उघडून दाखवला नाही म्हणून. एक टेबल, एक कापलेला टॉर्क कन्व्हर्टर, एक सुटी केलेली व्हॉल्व्ह बॉडी, शनिवारी दुपारी गॅरेजवाल्या पोरांना प्रवेश. एवढंच लागतं.

तुमच्याकडे मेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर तो किलोच्या भावाने भंगारवाल्याला घालू नका. आधी जवळच्या आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला फोन करून विचारा, त्यांना हवा आहे का.